ओलं आलुबुखार

बिराजदार सरांना मी हसताना हजार वेळा पाहिलं असेल. लाजताना पाहिलं ते मात्र ते रिटायर झाल्यावर. आणि एकदा लाजायला लागले ते लाजतच राहिले. सर जाऊन आता वर्ष उलटलं. शेवटच्या काही वर्षांत त्यांचं सगळं वागणं एकाच शरमेभोवती फिरत होतं आणि त्या शरमेचं कारण होतं एक फळ. हे कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतात. सरांच्या बाबतीत लोकांनी हसणं हाच तर सगळा घोटाळा होता.

लातूरच्या आमच्या शाळेत खोल्या कमी आणि पोरं जास्त, म्हणून एका हॉलच्या मध्ये प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले होते. अलीकडे मी मराठी शिकवायची, पलीकडे सर भूगोल. माझ्या धड्यात आई मरायला टेकली की नेमका पलीकडून हशा उसळायचा. माझी पोरं डोळे पुसायचं सोडून कान तिकडं लावायची. मी नवीन होते, मला सरांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा. माझ्या वर्गात पोरं जांभया द्यायची. सरांच्या वर्गात बसण्यासाठी दुसऱ्या तुकडीची पोरं खिडकीत लटकायची.

सर निलंग्याकडचे. बुटके, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम रंगीत खडू. त्या खिशाचा रंग त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, आयुष्यभर काढता आला नाही. घरात कानडी, बाहेर आमच्याकडची मराठी. काही बिघडलं, कुणी उलट बोललं, पगार लांबला, की ते हात झटकून म्हणायचे, "होगली." म्हणजे जाऊ दे. या माणसानं मनाला काही लावून घेतलंय असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

फळ्यावर भारताचा नकाशा काढावा तर सरांनी. कच्छपासून खडू टेकवायचा आणि हात न उचलता सगळा देश फिरून पुन्हा कच्छला आणायचा. पोरं श्वास रोखून बघायची. पण देश असा रोज फिरणारा हा माणूस स्वतः सोलापूरच्या पलीकडे गेला नव्हता. हैदराबादला एकदा कुणाच्या तरी लग्नाला, तेवढंच. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, बर्फ पाहिला नव्हता, चहाचा मळा पाहिला नव्हता. एखादं पोरगं विचारायचंच, "सर, तुम्ही बघितलाव का समुद्र?"

"तुझा बाप नेतो म्हणला व्हता, अजून जीप घेऊन आला न्हाई," सर म्हणायचे, की वर्ग लोळायचा. प्रश्न त्या हशात बुडून जायचा. मी प्लायवुडाच्या या बाजूनं इतकी वर्षं ऐकत होते, त्यामुळं माझ्या ध्यानात आलं होतं. सरांना माहीत नसलेलं काही निघालं, की वर्ग हटकून हसायचा. "ठाऊक न्हाई बाबा" हे एवढं वाक्य त्यांच्या तोंडून वर्गात कधी निघालं नाही. ते फार चांगले शिक्षक होते, हे खरंच आहे. पण हेही खरं आहे.

मंगल नावाच्या एका मुलीची गोष्ट घडली तेव्हासुद्धा मी अलीकडेच होते. मला ऐकू आला तो फक्त हशा. बाकीचं पुढं कितीतरी वर्षांनी सरांनी सांगितलं.

नववीचा वर्ग, हिमाचलच्या फळबागांचा धडा. सफरचंद सगळ्यांना माहीत. आलुबुखार आलं. आता सरांना आलुबुखार ठाऊक होतं ते लहानपणचं. ताप आला की त्यांचे आजोबा जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराच्या दुकानातून पुडी आणायचे. त्यात काळी, सुरकुतलेली, चिकट फळं असायची. ती रात्री भिजत घालून सकाळी त्याचं आंबट पाणी पोराला पाजायचे. आमच्या भागात त्या काळी सगळ्यांना ठाऊक असलेलं आलुबुखार हेच. अत्ताराच्या पुडीतलं, नाहीतर सणासुदीच्या बिर्याणीतलं. सरांनी ठोकून दिलं, "आलुबुखार म्हणजे खारकेसारखं सुकं फळ. तापावर देतेत. तिकडं झाडावरच वाळतंय ते."

मागच्या बाकावरून मंगल उठली. तिचे वडील ट्रकवर होते, उत्तरेकडून सफरचंदाच्या पेट्या आणायच्या फेऱ्या करायचे. ती म्हणाली, "सर, ते ओलं असतंय. लाल असतंय. चावलं की रस कोपरापर्यंत गळतंय."

"तू खाल्लंस?"

"हाव सर. पप्पांनी आणलं व्हतं."

"अगं येडे, बापानं तुला टमाटा चारला! आलुबुखार म्हणून टमाटा! त्यो तरी काय करील, गाडीत टमाटेच असतेत!"

वर्ग फुटला. बाकं वाजली. मंगल खाली बसली. त्या दिवसापासून तिचं नाव टमाटा पडलं, ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टमाटाच राहिलं. तिनं पुन्हा भूगोलाच्या तासाला हात वर केला नाही. पास झाली, शाळा सोडून गेली. सर विसरून गेले. त्यांच्या लेखी लक्षात ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

रिटायर झाल्यावर सरांना पोटाचा त्रास सुरू झाला. आमची घरं शेजारी शेजारी, दोन अंगणांमध्ये एक बुटकी भिंत. भिंतीपलीकडून एके दिवशी दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, खिंड बंद हाय."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी पदर तोंडावर धरला. आयुष्यभर जगाला हसवणारा माणूस स्वतःच्या बद्धकोष्ठाचं नाव घेताना कानापर्यंत लाल झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, शुगर काठावर आहे, तेव्हा आंबा, चिकू जपून. फायबर पाहिजे पोटाला. सध्या बाजारात प्लम आलेत, ते खा, सालीसकट, रोज दोन.

सर गंजगोलाईच्या बाजारात गेले आणि पेरू निवडावा तसे दगडासारखे टणक प्लम निवडून किलोभर घेऊन आले. वहिनींनी त्यावरची पांढरट झाक पाहिली आणि ते फवारणीचं औषध समजून मिठाच्या पाण्यात घासून घासून काढली. एक चावून पाहिलं. दात आंबले. मग त्यांनी आमच्याकडची कुठलीही शहाणी बाई करील तेच केलं, म्हणजे फोडी करून चिंचेच्या जागी वरणात टाकल्या. सर दुसऱ्या दिवशी भिंतीशी आले.

"कसं काय सर?"

"वरण लई भारी झालतं. खिंड तशीच."

मी म्हटलं, "अहो सर, आंबा अढीत घालता ना? तसं हे कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवायचं. मग खायचं. कच्चं कशाला खाता?"

त्यांनी ते केलं. चार दिवसांनी संध्याकाळी ताटलीत चार फळं घेऊन माझ्या ओसरीवर आले. रंग गडद झाला होता, काळपट लाल. बोटानं दाबलं की जरासं दबत होतं. एक मी घेतलं, एक त्यांनी. पिकलेलं आलुबुखार कसं लागतं ते ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि न खाल्लेल्याला सांगून पटत नाही. साल आंबट. ती दातांखाली तटकन फुटते, आणि आतला गर इतका गोड, इतका पातळ की तोंड मिटेपर्यंत अर्धा हातावरून निघून गेलेला असतो. मग बाठ्याजवळ पुन्हा थोडं आंबट. सर खाताना पुढं वाकले होते, शर्टावर पडू नये म्हणून. रस मनगटावरून निघाला तो कोपरावर येऊन ओसरीवर टपकला.

सर हात तसाच लांब धरून बसून राहिले.

"बाई," त्यांनी विचारलं, "ह्याला आलुबुखार म्हणतेत का?"

"हो की सर. हेच ते. सुकवलं की अत्ताराकडचं होतं."

मला वाटलं आता काहीतरी विनोद येणार. सर ओसरीवर पडलेले थेंब बघत होते. मग त्यांनी मला मंगलचं सगळं सांगितलं, बाकं वाजली तिथपर्यंत. मला तो हशा आठवला. त्या दिवशी माझ्या वर्गातली पोरंसुद्धा उगाचच हसली होती.

"तिला चव ठाऊक व्हती बाई. मला न्हाई. आन् मी तिला खोटं पाडलं. तिच्या बापाला बी हासलो, बिचारा गाडी चालवत व्हता तिकडं, आन् मी इकडं त्याला हासत व्हतो."

"सर, किती वर्षं झाली. ती विसरली पण असेल," मी म्हटलं. आणि वर चेष्टेनं म्हटलं, "होगली."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली. तो शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

पुढं दर उन्हाळा संपता संपता, बाजारात आलुबुखार दिसायला लागलं की सर पिशवी घेऊन बाहेर पडायचे. खिंड तर केव्हाच मोकळी झाली होती. ती बातमी त्यांनी मला भिंतीवरून न बोलता, नुसती मान हलवून दिली होती. पण आता ते आलुबुखाराचे प्रचारकच झाले. सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना बाकावर बसवून शिकवायचे. "देठापाशी हळूच दाबा, बोट जरासं आत गेलं पाहिजे. पांढरी झाक असली तर चांगलं, ती फळाची सोताची असती, औषध न्हाई. नळाखाली धरा, चोळू नका. साल काढाल तर फायदा सालीबरोबर जाईल. शुगरवाल्यांनी दोनाच्या वर खाऊ नका, माझ्यासारखं." म्हातारे आधी हसले, मग खायला लागले. सरांना ते फळ खरंच आवडायचं. खाताना डोळे मिटायचे. आणि डोळे उघडले की चेहरा पुन्हा ओशाळा व्हायचा, जणू आपल्या हक्काचं नसलेलं काही खाल्लं.

आमच्याकडं माणूस पिशवीभर फळं घेऊन निघाला की रस्त्यात चार जण अडवतात, "कोण ॲडमिट हाय?" सरांनाही अडवायचे. सर म्हणायचे, "कोणी न्हाई. चूक दुरुस्त करायलोय."

कारण खरं काम वेगळंच चाललं होतं. जुना विद्यार्थी भेटला की सर त्याच्या हातावर एक पिकलेलं आलुबुखार ठेवायचे. कुणी मोबाईलचं दुकान टाकलेलं, कुणी तहसीलमध्ये चिकटलेलं, कुणी क्लासवाल्यांकडं फिजिक्स शिकवणारं. सर म्हणायचे, "खा. हे आलुबुखार. ओलं असतंय. मी तुमाला वर्गात चुकीचं शिकवलं व्हतं. मंगल बरोबर व्हती."

आणि तो विद्यार्थी खदखदून हसायचा. "सर, तुम्ही काय बदलला न्हाईत बघा!"

मी स्वतः एकदा भाजी घेताना हे पाहिलं. सर गंभीरपणे पुन्हा सांगायला लागले, तर तो आणखी हसला. त्यानं बायकोला हाक मारली, "ये, हे आमचे बिराजदार सर, सांगितलं नव्हतं का, लई हसवायचे." सर कसनुसं हसले. इतकी वर्षं पोरांना हसायची सवय लावली होती. आता माफी मागितली तरी पोरं हसत होती. मला त्या घडीला सरांची फार कीव आली.

मग ते विचारायचे, "मंगल कुठं असती रे हल्ली?"

"कोण मंगल?" थोडा विचार. मग चेहरा फुलायचा. "हां हां, टमाटा व्हय!"

हे ऐकलं की सर पिशवी उचलायचे आणि निघायचे. तिचं खरं नाव पोरांना आठवत नव्हतं. स्वतः ठेवलेलं नाव मात्र सरांना दर वेळी ऐकावं लागायचं. सर घरी आले की वहिनी मला सांगायच्या, "आज पुन्यांदा कुणीतरी टमाटा म्हणलं वाटतं. जेवले न्हाईत." वहिनींनाही आधी हे सगळं खूळच वाटलं होतं. नंतर त्या बाजारातून टोमॅटो आणायच्या ते सरांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवायच्या.

मधल्या काळात माझ्या मिस्टरांची नांदेडला बदली झाली आणि मी लातूर सोडलं. एका जूनमध्ये सरांचा फोन आला. मंगल मुदखेडला आहे, नवरा रेल्वेत, ती घरी शिवणकाम करते, असं एका विद्यार्थिनीकडून कळलं होतं. "मुदखेड तुमच्यापासून जवळ हाय ना? मी यायलोय."

सर आले. पिशवीत आलुबुखारं, प्रत्येक वेगळं कागदात गुंडाळलेलं. रात्री जेवताना दोन वेळा विचारून घेतलं, मुदखेडची बस कुठं लागते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुपारी बाराच्या सुमारास दारात उभे, पिशवी तशीच हातात.

"काय हो सर, बस मिळाली नाही?"

"बस व्हती."

"मग?"

"स्टँडवर बसलो बाई. एक गेली, दुसरी गेली. कंडक्टर वरडत व्हता मुदखेड मुदखेड. माझा पाय उचलंना." ते खाली बसले. "काय म्हणून जाऊ तिच्यापुढं? मास्तर आलाय, त्याला आता फळ ठाऊक झालंय, म्हणून?"

मी त्यांना रागावले. म्हटलं, एवढ्या लांब येऊन असं कुणी करतं का. ते ऐकून घेत होते, शाळेत पोरं आमचं ऐकून घ्यायची तसं. संध्याकाळी लातूरला परत गेले. पिशवी माझ्याकडं सोडून गेले. ती आलुबुखारं आम्ही घरच्यांनी खाल्ली. फार गोड होती, आणि मला ती गोड लागली याचीही लाज वाटली.

पुढच्या सीझनला मी बजावलं, या वेळी मी बरोबर येणार. तोवर सर बरेच थकले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. आम्ही बसनं मुदखेडला गेलो. स्टेशनकडच्या बाजूला विचारत विचारत घर सापडलं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दोरीवर ब्लाउज, गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई एका गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावून माप घेत होती. तिनं वळून पाहिलं. टेप हातातच राहिला.

"सर? बिराजदार सर ना? अगं बाई! बसा ना सर, बसा, हे एवढं माप घेते!"

माप घेऊन झालं, गिऱ्हाईक गेलं, चहा झाला. मंगल शाळेतल्या एकेकाची चौकशी करत होती, हसून बोलत होती. सर कप हातात धरून होते. चहा निवून गेला. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

सर उभे राहिले. तिच्या खोलीत, दोरीवरच्या ब्लाउजांच्या खाली, हात समोर बांधून उभे राहिले. पाठांतर न झालेली पोरं त्यांच्यापुढं अशीच उभी राहायची.

"मंगल, नववीत मी तुला टमाटा म्हणलो. आलुबुखार ओलं असतंय म्हणलीस तू, ते खरं व्हतं. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक न्हाई म्हणायची लाज वाटली मला, म्हणून तुला हासलो. तुझ्या वडलांला बी हासलो. सगळ्या वर्गाला हासायला लावलं. ते चुकलं माझं. लई चुकलं."

त्यात एकही विनोद नव्हता. मंगल खाली बघत होती. मशीनवरची कात्री तिनं उचलली, पुन्हा खाली ठेवली. मला वाटलं, ती आता रागावेल, आणि रागावली तर बरंच होईल.

"सर," ती म्हणाली, "मी खाल्लंच नव्हतं."

सरांना कळलं नाही. मलाही नाही.

"पप्पा गाडीवरून आले की सांगायचे. तिकडं लाल लाल असतंय, ओलं असतंय, रस कोपरापर्यंत येतंय. माझ्यासाठी घेऊन निघायचे. पर गाडीत उन्हानं त्याचं पाणी व्हायचं. एकदा पिशवी घरापर्यंत आली, तिला नुसता वास व्हता. तवा वर्गात तुमी आलुबुखार म्हणलाव, आन् माझ्या तोंडातून गेलं, खाल्लंय म्हणून. खोटंच बोलले मी. तुमी हासलाव ना, तवा मला वाटलं, सरांनी वळखलं. मला खोटं बोलल्याची शिक्षा झाली म्हणलं. म्हणून परत हात वर केला न्हाई. घरी पप्पांला बी सांगितलं न्हाई, त्यांचं नाव निघालं व्हतं ना वर्गात. आता पप्पा बी न्हाईत."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, सुटला माणूस. मुलगी खोटंच बोलली होती, तिनंच कबूल केलं. मी सरांकडं पाहिलं. हायसं वाटल्याची खूण त्या चेहऱ्यावर कुठंच नव्हती. ते हळूहळू खुर्चीवर बसले. चेहरा आणखी उतरला होता.

"म्हंजी तू एवढी वर्सं सोताला खोटारडी समजत राहिलीस," ते म्हणाले. "माझ्यापायी."

"तसं न्हाई सर..."

"तसंच हाय. तुझ्या बापानं खाल्लेलं तू सांगितलंस. त्यात काय खोटं? मी बी हिमालय दुसऱ्यानं बघितलेला सांगत व्हतो की. मला पगार मिळत व्हता त्याचा. मी इचारायला पाहिजे व्हतं, कसं लागतंय गं, म्हणून. एवढंच. बापाचं ऐकून का व्हईना, तू सांगितलं असतंस. अख्ख्या वर्गाला कळलं असतं. मला बी."

मी विषय बदलायला म्हटलं, "आता तर नांदेडला गाडे भरून मिळतात. खाल्लं असशील नंतर."

मंगलनं मान हलवली. "बघते की बाजारात. लेकरांला घेऊन देते, चांगलं असतंय म्हणतेत पोटाला, रक्ताला. मला सोताला हात लावू वाटत न्हाई."

सरांनी पिशवीतून एक काढलं, कागद सोडवला आणि पुढं केलं. नेहमीचं काही बोलले नाहीत, देठापाशी दाबून दाखवलं नाही, सालीचं सांगितलं नाही. मंगलनं मशीनवरचे ब्लाउजपीस उचलून आत नेऊन ठेवले. आलुबुखार घेतलं आणि मोरीशी गेली. तिथं नळाखाली धरलं, आणि आमच्याकडं पाठ करून, मोरीवर वाकून खाल्लं. आम्हाला तिची पाठ आणि दंड एवढंच दिसत होतं. पुष्कळ वेळ ती तशीच उभी होती. मग नळ पुन्हा सुटला, तिनं हात धुतले, तोंड धुतलं, नुसतं फळ खाल्ल्यावर धुवावं लागतं त्यापेक्षा जास्त वेळ धुतलं. पदरानं पुसत आली.

सरांनी विचारलं, "कसं लागलं?"

"पप्पा सांगायचे त्याच्यापरीस आंबट हाय," ती म्हणाली. आणि मग, "पर लई बेस हाय सर."

सर मान डोलावत ऐकत होते. त्यांनी तो शब्दन् शब्द नीट ऐकून घेतला. मी वाट बघत होते, आता तरी ते काहीतरी बोलतील, आम्ही तिघं हसू आणि हे सगळं संपेल. मंगलनं आपणहून पिशवीत हात घालून आणखी एक काढलं, लेकरांसाठी नाही, स्वतःसाठी, आणि हातात धरून बसली. बाहेर कुठलीतरी मालगाडी चालली होती.

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा मी उठले. मंगल पुढं आली आणि सरांच्या पाया पडायला वाकली. सर अजून खुर्चीतच होते. त्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले. "माझ्या नगं गं," म्हणाले, "माझ्या नगं," आणि पाय आणखी आत घेतले, जितके जातील तितके. मंगल तशीच वाकलेली राहिली. तिचा पुढं केलेला हात अधांतरीच राहिला. मग जिथं सरांचे पाय होते त्या फरशीला तिनं हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.